डोंगरी सायकलवाल्याला भेट काय द्यावी?

भेटवस्तूंच्या व्यापारात एक अडचण कायमची असते. पैसे मोजणारा एक आणि वस्तू वापरणारा दुसरा. अत्तर, घड्याळ किंवा शर्टपीस यांच्या बाबतीत ही अडचण फारशी जाणवत नाही, कारण त्या मालाची थोडीफार पारख सर्वांनाच असते. डोंगरी सायकलच्या सामानाचे तसे नाही. भाच्याला सायकलचा शौक आहे एवढेच मामूंना ठाऊक असते. तो रविवारी पहाटे सिंहगडाच्या बाजूला नाहीतर लोणावळ्याकडे जातो आणि दुपारी चिखलाने माखून परत येतो, हे ते पाहतात. बारावीच्या निकालाला किंवा ईदीच्या निमित्ताने त्याला काहीतरी कामाचे द्यावे असे त्यांच्या मनात येते. ते दुकानात जातात. दुकानदार त्यांच्यापुढे चकचकीत घंटी, चाकात लावायचे रंगीत दिवे आणि जाड गादीचे सीट कव्हर ठेवतो. मामू त्यातले सर्वांत महाग उचलतात. भाचा ‘शुक्रिया मामू’ म्हणतो आणि ती वस्तू कपाटात ठेवून देतो.

या व्यवहारात तिघांचे नुकसान झाले. मामूंचे पैसे गेले, भाच्याच्या हाती उपयोगाचे काही आले नाही, आणि दुकानदाराने एक गिऱ्हाईक गमावले. भाचा पुढचे सामान घ्यायला त्या दुकानात जाणार नाही. म्हणून घेणाऱ्याने काय विचारावे, विकणाऱ्याने काय सांगावे आणि आपल्या शिलाई कारागिरांना यात कोणते काम आहे, याचा येथे विचार करू.

ही सायकल वेगळी का?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात माउंट तमालपाईस नावाचा डोंगर आहे. १९७० च्या दशकात तिथले तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन कच्च्या वाटांनी खाली उतरत असत. १९७६ पासून एका उतारावर शर्यती होऊ लागल्या. त्या उताराला ‘रिपॅक’ असे नाव पडले. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबमध्ये असे. एका उतारात हब इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि खाली पोचल्यावर हब उघडून त्यात पुन्हा ग्रीस भरावे लागे. पुढे या कामासाठी खास फ्रेमा बनू लागल्या. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टम्पजंपर’ मोठ्या संख्येने बनून बाजारात आली. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये या खेळाला प्रवेश मिळाला. आपल्या देशात हिमाचल प्रदेशात २००५ मध्ये ‘एमटीबी हिमालया’ ही शर्यत सुरू झाली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धा केरळातील पोनमुडी येथे झाली.

रिपॅकच्या गोष्टीत व्यापाऱ्याने एक मुद्दा ध्यानात घ्यावा. या सायकलीचा माल पहिल्या दिवसापासून झिजणारा आहे. चिखल, धूळ, दगड आणि उतार यांमुळे चेन झिजते, ब्रेकचे पॅड संपतात, ट्यूब फाटते, हातमोजे विरतात. जो ही सायकल नेमाने चालवतो त्याला या वस्तू पुन:पुन्हा घ्याव्या लागतात. झिजणारी आणि संपणारी वस्तू भेट दिली तर ती वापरली जाणार याची जवळजवळ खात्री असते. शोभेच्या वस्तूबद्दल तशी खात्री देता येत नाही.

आधी चार प्रश्न

पहिला प्रश्न टायरच्या मापाचा. डोंगरी सायकलींची चाके मुख्यत: तीन मापांची असतात: २६, २७.५ आणि २९ इंच. हे माप टायरच्या बाजूवर छापलेले असते. तेथे ५५९, ५८४ किंवा ६२२ असा आकडा दिसला तर तो याच तीन मापांचा मिलिमीटरमधला आकडा समजावा. दुसरा प्रश्न हवा भरण्याच्या व्हॉल्व्हचा, तो बारीक आहे की मोटारसायकलसारखा जाड? तिसरा, मागच्या चाकावर दातेरी चकत्या किती? आठ, नऊ, दहा, अकरा की बारा? चौथा, सायकल कुठे आणि कोणत्या मोसमात चालते?

मामूंना यातले काही सांगता आले नाही तरी हरकत नाही. त्यांनी घरच्या कोणाला तरी सांगून तीन फोटो मागवावेत: टायरच्या बाजूचा, व्हॉल्व्हचा आणि मागच्या चकत्यांचा. दोन मिनिटांचे काम आहे, आणि भाच्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मापाचा माल विकण्यापूर्वी दुकानदाराने हे फोटो पाहावेत.

हवा, काटे आणि पंक्चर

आपल्या दख्खनच्या वाटांवर बाभळीचा काटा सर्वांत जास्त त्रास देतो. घाटाच्या मध्यावर, जिथे पंक्चरवाला नाही आणि मोबाइललाही रेंज नाही, तिथे ट्यूब गेली तर सायकल ढकलत खाली यावे लागते. म्हणून कमी पैशातली सर्वांत उपयोगी भेट अशी: योग्य मापाची एक जादा ट्यूब, प्लास्टिकचे दोन टायर लिव्हर, पंक्चरचे पॅच आणि सोल्युशनची नवी ट्यूब. सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की काही महिन्यांत सुकते, म्हणून ज्याच्याकडे हे सामान आहे त्यालाही नवी ट्यूब हवीच असते.

व्हॉल्व्हबाबत थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण चूक नेमकी इथेच होते. आपल्या साध्या काळ्या सायकलीला रबरी वायसर नळीचा व्हॉल्व्ह असतो. डोंगरी सायकलींना बहुतेक वेळा ‘श्रेडर’ किंवा ‘प्रेस्टा’ असतो. श्रेडर म्हणजे मोटारसायकलचाच व्हॉल्व्ह, त्यात कोणत्याही पेट्रोल पंपावर हवा भरता येते. प्रेस्टा बारीक असतो, त्याच्या टोकाला छोटी पितळी चकती असते आणि ती सैल केल्याशिवाय हवा आत जात नाही. प्रेस्टासाठी रिमला पाडलेल्या बारीक भोकात श्रेडरची ट्यूब बसत नाही. प्रेस्टा व्हॉल्व्हवर बसवायचा एक छोटा पितळी अडॅप्टर मिळतो. तो असला की पंक्चरवाल्याच्या साध्या पंपानेही हवा भरता येते. किमतीला तो अगदी मामुली, पण गावाकडच्या रस्त्यावर त्याची किंमत कळते. प्रेस्टावाल्याच्या भेटीत तो जरूर टाकावा.

बऱ्याच नव्या सायकलींचे टायर मोटारीसारखे ट्यूबलेस असतात. त्यांच्या आत पातळ रबरी द्रव असतो, त्याला सीलंट म्हणतात. काटा घुसला की हा द्रव भोकात येऊन घट्ट होतो आणि हवा थांबते. आपल्याकडच्या उन्हात तो दोन ते सहा महिन्यांत सुकून जातो, मग पुन्हा ओतावा लागतो. तेव्हा ट्यूबलेसवाल्यासाठी सीलंटची बाटली ही खात्रीची भेट आहे. तिच्या जोडीला मोठे भोक बुजवायच्या रबरी वाती आणि त्या आत खोचण्याचा टोचा द्यावा.

पैसे थोडे अधिक असतील तर पायाने दाबून उभा धरायचा, हवेचा दाब दाखवणारा पंप द्यावा. डोंगरी टायरमध्ये रस्त्याच्या सायकलीपेक्षा बरीच कमी हवा ठेवतात. ती अंगठ्याने दाबून नेमकी कळत नाही. असा पंप घरात वर्षानुवर्षे चालतो आणि धाकट्या भावंडांच्या सायकलीही त्यावर भरल्या जातात.

चेनचे तेल आणि पोलादी पट्टी

चेनचे तेल ऋतू पाहून द्यावे. पावसाळ्यातल्या चिखलासाठी दाट, ‘वेट’ लिहिलेले तेल टिकते. दिवाळीनंतरच्या कोरड्या धुळीत तेच तेल धूळ ओढते आणि चेनवर काळी लेप चढते. त्या दिवसांत ‘ड्राय’ किंवा मेणाचे तेल बरे. दोन्ही छोट्या बाटल्या एकत्र दिल्या तर वर्षाची सोय होते.

चेन किती झिजली हे मोजायचे साधन बाजारात मिळते, पण आपल्या कारागिरांची पोलादी पट्टीही हे काम करते. चेनच्या एका पिनेच्या मध्यावर शून्य धरावे. नवी चेन असेल तर बारा इंचांवर बरोबर दुसऱ्या पिनेचा मध्य येतो. तो अर्धा सूत पुढे गेला तर चेन बदलायची वेळ झाली. पूर्ण एक सूत पुढे गेला तर चेनबरोबर मागच्या चकत्याही गेल्या असे समजावे. चकत्यांचा संच चेनपेक्षा बराच महाग असतो. वेळेवर चेन बदलणाऱ्याचा तो खर्च लांबणीवर पडतो. म्हणून मापणी आणि योग्य गिअरची चेन जोडायची कडी, ज्याला क्विक लिंक म्हणतात, ही नेमकी भेट होते. मात्र नऊ गिअरची कडी बारा गिअरच्या चेनला चालत नाही. तिसरा प्रश्न विचारायचा तो यासाठी.

चेन पुसायला काय द्यावे? आपल्या टेलर बांधवांच्या दुकानात रोज सुती कापडाच्या चिंध्या निघतात. धुतलेल्या सुती चिंध्यांचा एक गठ्ठा चेन पुसायला पुरेसा होतो. अंग आणि फ्रेम पुसायला सोलापूरचा टेरी टॉवेल द्यावा. चिखलात भिजलेल्या माणसाला परतीच्या मोटारीत सीटवर अंथरायलाही तो उपयोगी पडतो.

ब्रेकच्या सामानात घाई नको

पुष्कळ लोक भेट म्हणून सर्व कामांचा तेलकट स्प्रे घेतात. डिस्क ब्रेकच्या सायकलीसाठी हा धोक्याचा माल आहे. फवाऱ्याचे बारीक थेंब डिस्कवर बसतात, पॅड ते तेल शोषून घेतात, आणि मग लिव्हर कितीही दाबला तरी चाक नीट थांबत नाही. सपाट रस्त्यावर हे कदाचित निभावेल, घाटाच्या उतारावर जिवावर बेतेल. डिस्क पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ फडके पुरते. चेनच्या तेलकट चिंध्या डिस्कला लावू नयेत, हेही भेट देताना सांगावे.

ब्रेकचे पॅड अनेक आकारांत येतात, आणि ब्रेकमध्ये भरायचा द्रवही दोन जातींचा असतो: खनिज तेल आणि ‘डॉट’ द्रव. एकाच्या जागी दुसरा भरला तर आतले रबरी सील खराब होतात. त्यामुळे ब्रेकचे सामान भेट म्हणून देऊ नये. द्यायचेच तर जुना पॅड हातात घेऊन त्याच्याशी जुळवून घ्यावे. एकात एक घडी होणारा पान्ह्यांचा संच मात्र निर्धास्त द्यावा. त्यात ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या एलन की, डिस्कच्या स्क्रूसाठी टी-२५ चे चांदणी टोक आणि चेन तोडायचे साधन आहे ना, ते पाहून घ्यावे. हलक्या पोलादाच्या पान्ह्याचे कोपरे दोन वापरांत गोल होतात आणि स्क्रूची चावी बसायची जागाही बिघडते. ‘महंगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार’ असे आपल्या बाजारात म्हणतात, ते इथे शब्दश: खरे आहे.

कापडाचा हिशेब

भेट म्हणून लोक सर्वांत जास्त घेतात तो टी-शर्ट, आणि तोही सुती. उन्हाळ्यात घरात घालायला सुतासारखे कापड नाही. पण घाट चढणाऱ्याच्या अंगावर त्याचा हिशेब उलटतो. ठरावीक हवेत सूत स्वत:च्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा धरते, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. सुती बनियन घामाने ओले झाले की ओलेच राहते, अंगाला चिकटते, आणि माथ्यावरच्या वाऱ्यात थंडी भरवते. पॉलिस्टरचा धागा पाणी पीत नाही. घाम विणीतून पसरतो आणि वाऱ्यावर उडून जातो. पॉलिस्टरला वास लवकर धरतो, हा त्याचा दोष आहे. लोकर साधारण सोळा टक्के ओलावा धरूनही अंगाला ऊब देते आणि वासही कमी धरते, पण ती महाग पडते. हिमालयात जाणाऱ्याला बारीक लोकरीचे पायमोजे द्यावेत. सह्याद्रीतल्याला होजिअरी विणीची पातळ पॉलिस्टर जर्सी पुरे.

जर्सी घेताना ती उलटी करून शिवण पाहावी. खांद्यावर पाठपिशवीचा पट्टा येतो, तिथे जाड ओव्हरलॉकची शिवण असली तर कातडी सोलवटते. सपाट, म्हणजे फ्लॅटलॉक शिवण हवी.

गादीच्या चड्डीबद्दल घेणारे संकोचतात, पण लांब पल्ल्याला ती फार उपयोगी आहे. ती थेट अंगावर घालायची असते, आत दुसरे वस्त्र नको. दर वेळी धुवावी, आणि धुताना कापड मऊ करणारा द्रव वापरू नये, त्याने गादी आणि धाग्यावर थर बसतो. डोंगरी सायकलवर तिच्यावरून ढगळ पँट घालण्याची पद्धतच आहे. त्यामुळे ज्या घरांत अंगभर कपडा पसंत करतात तिथेही अडचण येत नाही. मुलींसाठी पूर्ण बाह्यांची जर्सी आणि पायघोळ पँट सहज मिळते. पायघोळ पँट चेनच्या बाजूला घोट्याजवळ घट्ट बसली पाहिजे. ती सैल असेल तर वेल्क्रोची पट्टी बरोबर द्यावी.

हेल्मेट आणि हातमोजे

हेल्मेट ही मोठी भेट आहे, पण ते मापाशिवाय घेऊ नये. भुवयांच्या किंचित वर, डोक्याभोवती टेप फिरवून सेंटिमीटरमध्ये माप घ्यावे. मुलगी हेल्मेटखाली स्कार्फ बांधत असेल तर स्कार्फ बांधूनच माप घ्यावे. स्कार्फ पातळ होजिअरीचा असावा. मागे गाठ नको आणि टाचणी तर अजिबात नको, पडल्यावर ती डोक्यात घुसते. बसवल्यावर हेल्मेटची कड भुवयांच्या दोन बोटे वर यावी आणि पट्टे कानाखाली इंग्रजी व्ही अक्षरासारखे जुळावेत.

हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा फोम असतो. जोरात आपटल्यावर तो दबून मार झेलतो आणि पुन्हा फुगत नाही. वरून तडा दिसला नाही तरी एकदा आपटलेले हेल्मेट बाद समजावे. जुने हेल्मेट धुऊन-पुसून भेट देणे हा म्हणूनच चुकीचा किफायतीपणा आहे. मोटारसायकलचे हेल्मेटही चालत नाही. चढावर त्यात जीव गुदमरतो आणि मुलगा ते काढून हँडलला लटकवतो.

हातमोजे पूर्ण बोटांचे द्यावेत. माणूस पडताना आधी हात टेकतो. तळहाताचा घेर मोजला की माप मिळते.

कारागिरांसाठी काम

या खेळात शिवलेल्या वस्तू पुष्कळ लागतात, आणि त्या आपल्या बॅगवाल्यांच्या हातातल्या आहेत. पहिली वस्तू टूल रोल. कॅनव्हास किंवा आतून कोटिंग केलेले ६०० डेनिअरचे कापड, त्यात लिव्हर, पान्हे, क्विक लिंक आणि ट्यूबसाठी कप्पे, आणि गुंडाळून सीटखाली बांधायला नायलॉनचा पट्टा. डेनिम वापरू नये, ते भिजले की जड होते आणि सुकत नाही. पट्टा जिथे जोडला जातो तिथे बारटॅकचा टाका हवा, नाहीतर खडबडीत वाटेवर तिथूनच उसवते. वेल्क्रोची काटेरी बाजू फ्रेमकडे आली तर रंग घासला जातो, म्हणून ती बाहेरच्या बाजूला लावावी.

दुसरी वस्तू फ्रेमच्या त्रिकोणात बसणारी पिशवी. प्रत्येक सायकलचा त्रिकोण वेगळा असतो, त्यामुळे कारखान्याचा तयार माल बरेचदा नीट बसत नाही. पुठ्ठ्यावर त्रिकोणाचा नमुना कापून आणला तर आपला कारागीर नेमकी पिशवी शिवून देऊ शकतो. टूल रोलवर घेणाऱ्याचे नाव भरतकामात घातले तर ती वस्तू कोणी इकडेतिकडे टाकत नाही. असे चार नमुने शिवून सायकलच्या दुकानात ठेवायला फार भांडवल लागत नाही.

दुकानदारांनी काय करावे?

भेटीचे तयार संच बांधून ठेवावेत. पहिला संच मापाची गरज नसलेला: पान्ह्यांचा संच, लिव्हर, पॅच, दोन तेले आणि टॉवेल. ज्याच्याकडे फोटो नाहीत त्याला हाच संच द्यावा. दुसरा संच टायर आणि गिअरच्या मापाचा: ट्यूब किंवा सीलंट, क्विक लिंक आणि प्रेस्टा अडॅप्टर. तिसरा अंगावरच्या वस्तूंचा: हातमोजे, पायमोजे आणि जर्सी. प्रत्येक संचाबरोबर बिलावर ‘माप न जुळल्यास पंधरा दिवसांत बदलून मिळेल’ असे लिहून द्यावे आणि ते पाळावे. बदलून न्यायला जो येईल तो भाचा असेल. तोच या दुकानाचा खरा ग्राहक आहे.

कराचाही हिशेब ठेवावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तयार कपड्यांवर नगाला २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के कर आहे. महागडी जर्सी ठेवण्यापूर्वी हा फरक ध्यानात घ्यावा. भेटीसाठी येणारे गिऱ्हाईक सहसा त्या भावाकडे वळतही नाही.

मालाची भरती पावसाळा ओसरण्यापूर्वी करावी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे सह्याद्रीत सायकल चालवण्याचे दिवस. ट्यूब तिन्ही मापांच्या ठेवाव्यात, ब्रेकचे पॅड मागणीप्रमाणे आणावेत, आणि सीलंटची बाटली घेताना तिच्यावरची तारीख पाहावी. दुकानात शोभेच्या घंट्या ठेवायला हरकत नाही. मात्र मामूंनी ‘भाचा डोंगरात जातो’ असे सांगितल्यावर त्यांच्यापुढे आधी ट्यूब, पान्हे आणि हातमोजे मांडावेत.